कळशीवरचा खोपा

सन १९६४, पौषातली थंडी. मिरजेत नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप करणाऱ्या दस्तगीरचाचांच्या ओसरीवर त्यांचा शिष्य वामन विचारत होता,

"आता यात कुठली खोट काढणार, चाचा?"

पुढ्यात तांब्याची कळशी पालथी घातलेली. तिच्यावर पेशवाईतल्या सरदारपत्नीचा खोपा. ताग भिजवून, रंगवून, विंचरून वामनने तो घरीच केला होता. वर चंद्रकोर, बाजूला केवड्याचं पान, मागे मोत्यांची जाळी.

कळशीला तो शोभत होता.

शेजारी वामनची मावसबहीण अनसूया पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. विषमज्वरात तिचे केस गेले होते. आठ दिवसांवर नाटक, आणि सरदारपत्नी तीच. टोप नीट बसला नाही तर ती रंगमंचावर पाऊल ठेवणार नव्हती.

"माप घेतलंस?"

"हिला पदर काढ कसं म्हणू? आणि माझी नजर चुकत नाही."

"असं…"

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली. ती उतरलेली वामनने कधी पाहिली नव्हती. खाली नुसतं टक्कल. त्यावर त्यांनी खोपा चढवला आणि रंगभूमीला करतात तसा वाकून नमस्कार केला.

खोपा नाकावर आला. केवडा दाढीत अडकला.

"अगंबाई, सरदारपत्नीला दाढी!" अनसूया हसत सुटली. हसता हसता पदर खांद्यावर पडला. तिने तो वर घेतला नाही.

"घे आता माप," चाचा म्हणाले. "आणि ताग नको. हिचेच केस लाव."

शिकायला केस मिळत नव्हते तेव्हा अनसूयेने आपली लांब वेणी कापून त्याला दिली होती. त्या वेणीच्या टोपाला सांगलीत पदक मिळालं. टोप वामनच्या घरी काचेच्या कपाटात होता, आल्यागेल्याला दाखवायला.

"तो उसवू? चाचा, पदकाचा आहे तो."

"पदक कुणाचं?"

"माझं."

"केस?"

वामनने दोरा घेतला आणि अनसूयेच्या डोक्याचं माप घ्यायला बसला.

नाटकाच्या दिवशी ती रंगभूमीला वाकली. खोपा हलला नाही.

खेळ संपल्यावर विंगेत येऊन तिने तो अलगद उतरवला. पदराकडे हात गेला नाही.

"घे दादा. ठेव तुझ्या कपाटात."

वामनने हात मागे घेतले.

"तुझं तुला."

चाचा कोपऱ्यात टोप झटकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कपाट रिकामं झालं," ते वामनला म्हणाले. "उद्यापासून शिकायला ये."