गिरकीला हवं शिळं पाणी

गोष्ट मंगळवारची. की बुधवारची? वार काही नीट आठवत नाही. बरणी मोरांब्याची होती की लोणच्याची, तेही आठवत नाही. पण बरणीत पाणी होतं आणि पाण्यात गोगलगाय होती. हे मात्र पक्कं.

गोगलगाय एवढीशी. वाटाण्याएवढी. पाठीवर शंख. शंखावर वळणं, गोल गोल गोल. म्हणून तिचं नाव गिरकी. तिला पाळलं होतं घरातल्या नानांनी.

एका सकाळी बरणी घसरली. खळ्ळ! फुटली. पाणी सांडलं. गिरकीचं घर गेलं.

बरणीच्या बुडाशी घोटभर पाणी उरलं होतं. नानांनी ते वाटीत ओतलं. गिरकीला अलगद वाटीत ठेवलं. पण खिडकीतून ऊन आलं. वाटीतलं पाणी आटायला लागलं.

गिरकी म्हणाली, "असं कसं चालेल? मला घर हवं. मी मिळवणारच."

समोरच नवी टाकी होती. काचेची, मोठी. नानांनीच आणलेली. तळाला वाळू, मधे हिरवं झुडूप, वरपर्यंत पाणी.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गिरकी टाकीकडे गेली.

"टाकी टाकी, मला आत घे."

टाकी म्हणाली, "नाही गं बाई. पाणी तपासल्याशिवाय कशी घेऊ? थेंब हो म्हणेल, तर घेईन."

थेंब राहायचा बाटलीत. तपासणीचा थेंब. नाना रोज सकाळी टाकीतलं चमचाभर पाणी पेल्यात काढायचे. त्यात थेंब टाकायचे. टप्प! पाणी पिवळं झालं, तर नाही. होतं तसंच राहिलं, तर हो.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गिरकी थेंबाकडे गेली.

"थेंबा थेंबा, हो म्हण.
थेंब हो म्हणत नाही,
टाकी आत घेत नाही,
मग मी राहू कुठे?"

थेंब म्हणाला, "कसा म्हणू? रोज पडतो, रोज पिवळं! नळाच्या पाण्यात औषध असतं. माणसांना चालतं. तुला झोंबेल. पाणी शिळं झालं, की औषध उडून जातं. पाणी शिळं होईल, तर हो म्हणेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गिरकी पाण्याकडे गेली.

"पाण्या पाण्या, शिळं हो.
पाणी शिळं होत नाही,
थेंब हो म्हणत नाही,
टाकी आत घेत नाही,
मग मी राहू कुठे?"

पाणी म्हणालं, "मला काय हौस आहे ताजं राहायची? जरा शिळं व्हायला बसावं, की आलीच अक्का! मला काढते, दुसरं भरते. अक्का थांबेल, तर होईन."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. पदर खोचून भाकरी थापत होती. थप थप थप.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गिरकी अक्काकडे गेली.

"अक्का अक्का, थांब.
अक्का थांबत नाही,
पाणी शिळं होत नाही,
थेंब हो म्हणत नाही,
टाकी आत घेत नाही,
मग मी राहू कुठे?"

अक्का म्हणाली, "शिळं पाणी? माझ्या घरात? लोक काय म्हणतील! कालचं ओतायचं, आजचं भरायचं. आईनं शिकवलंय मला. रिकामी बादली दिसली, की मी टाकीतलं पाणी काढणारच. बादली भरेल, तर थांबेन. आता सरक बघू, पीठ लागेल."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गिरकी बादलीकडे गेली.

"बादली बादली, भर.
बादली भरत नाही,
अक्का थांबत नाही,
पाणी शिळं होत नाही,
थेंब हो म्हणत नाही,
टाकी आत घेत नाही,
मग मी राहू कुठे?"

बादली म्हणाली, "माझी मी कशी भरू? मला काय पाझर फुटतो? नळ वाहील, तर भरेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गिरकी नळाकडे गेली.

"नळा नळा, वाहा.
नळ वाहत नाही,
बादली भरत नाही,
अक्का थांबत नाही,
पाणी शिळं होत नाही,
थेंब हो म्हणत नाही,
टाकी आत घेत नाही,
मग मी राहू कुठे?"

फुस्स! नळ म्हणाला, "वाहीन की! पण बादलीत बघ कोण झोपलंय. बोका! भिजला, की मलाच ओरबाडतो. बोका उठेल, तर वाहीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गिरकी बादलीत उतरली.

"बोक्या बोक्या, ऊठ.
बोका उठत नाही,
नळ वाहत नाही,
बादली भरत नाही,
अक्का थांबत नाही,
पाणी शिळं होत नाही,
थेंब हो म्हणत नाही,
टाकी आत घेत नाही,
मग मी राहू कुठे?"

बोक्यानं एक डोळा उघडला. "उठणार नाही."

"कोण काय करेल, तर उठशील?"

"कुणी काही केलं तरी नाही. मी बोका आहे. मी कुणाचं ऐकत नाही." डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

गिरकी म्हणाली, "ऐकत नाहीस? बरं. मग मी बोलतच नाही."

सुळुक सुळुक. पंजावर चढली. सुळुक सुळुक. मिशीवर चढली. सुळुक सुळुक. थेट नाकावर! गार गार, ओली ओली, चिकट चिकट.

"आ... आ... आक्छी!"

बोका उडाला. गिरकी उडाली. बोका पळाला खिडकीत. गिरकी पडली पायपुसण्यावर. मऊ मऊ. धप्प!

बोका उठला, नळ वाहिला. धो धो धो!
नळ वाहिला, बादली भरली. काठोकाठ!

आली अक्का. "अगोबाई! बादली भरलेली? आता टाकीतलं पाणी काढू कशात?"

नाना धावत आले. "काढू? अक्का, तू रोज पाणी काढतेस?"

"मग! तू बसतोस डोकं खाजवत, 'पिवळं का, पिवळं का'. म्हटलं, बिचाऱ्याला ताजं भरून द्यावं."

"अगं, म्हणूनच तर पिवळं! दोन दिवस हात लावू नकोस."

"बरं बाबा, राहिलं! पण प्यायचं पाणी मी रोज ओतणार हं."

नानांनी गिरकीला उचललं. पुन्हा वाटीत ठेवलं.

एक दिवस गेला. वाटीतलं पाणी आटलं. दोन दिवस गेले. आणखी आटलं. उरलं जेमतेम चमचाभर. गिरकी शंखात बसली. म्हणाली, "मी थांबते. पाणी शिळं होणारच."

तिसरी सकाळ. नानांनी पेला घेतला. टाकीतलं पाणी काढलं, त्यात थेंब टाकला. टप्प!

नाना बघतात. अक्का बघते. बोकाही बघतो.

पिवळं? नाही! होतं तसंच!

बोका उठला,
नळ वाहिला,
बादली भरली,
अक्का थांबली,
पाणी शिळं झालं,
थेंब हो म्हणाला,
टाकीनं आत घेतलं.

डुबुक!

गिरकी वाळूवर फिरली. झुडपावर चढली. मग काचेला चिकटली आणि हलेचना.

अक्का म्हणाली, "अरे, हिला काय झालं?"

नाना म्हणाले, "झोपली असेल."

"गोगलगाय कधी झोपते का?"

नानांना ठाऊक नव्हतं. पुष्कळ वर्षांनी त्यांनी एका जाड पुस्तकात पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिथं लिहिलं होतं: पाण्यातली गोगलगाय काचेला चिकटते, शिंगं थोडी आत घेते, आणि खरोखर झोपते.