फिरून आलेली बातमी

जंगलात पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तीन रायांत तीन घुबडं राहत. कोणी गायला बसलं की तिथलं घुबड शेजारच्या घुबडाला हाक देऊन कळवी, ते पुढच्याला. मग ऐकणारे तिकडे जात.

एकदा आमराईत साळुंकी गाऊ लागली. तिथल्या घुबडाने जांभूळराईला कळवलं, जांभूळराईने बांबूबनाला आणि बांबूबनाने पुन्हा आमराईला.

"पलीकडे मोठी गायिका आलीय म्हणे," आमराईचं घुबड साळुंकीला म्हणालं. "जरा शिकून ये तिच्याकडून."

साळुंकी गाणं सोडून निघाली, दोन्हीकडच्या घुबडांना विचारत फिरली आणि दमून परतली. "घुबडराव, ती म्हणे तुमच्याच डोक्यावरच्या फांदीवर गाते."

तेव्हापासून गाणं एकीकडून आणि बातमी दुसरीकडून आली, की घुबड मान पार मागे वळवून बघतं आणि ती बातमी पुढे पाठवत नाही.