सतरा आणि अकरा

"पण सर, शलाकाच्या मशीनवर चालतं आणि नेमकं माझ्याच मशीनवर का फेल होतं?"

पुष्करने लॅपटॉप नाडगौडा सरांच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच. आठ वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे चूक दुसऱ्याचीच, हे त्याचं आधीच ठरलेलं.

सर कंपनीतले सगळ्यात जुने. बोलायचे बेताचंच.

"काय फेल होतं?"

"बिल्ड. कोडमधून प्रोग्रामच तयार होत नाही. तिने काल आपला प्रोजेक्ट जावाच्या व्हर्जन अकरावरून सतरावर नेला. तेव्हापासून माझा कंपायलर म्हणतो, सतरा ओळखत नाही. तिने मुद्दाम काहीतरी घुसडलंय. माझी जागा हवीय तिला."

पुष्करने स्क्रीनवर एक मेल उघडला.

"मॅनेजरना मेल लिहून ठेवलाय. अजून प्रोबेशनवर आहे ती. सोमवारपासून दिसणार नाही."

सरांनी मेल वाचला. चांगला सविस्तर होता. बिचारीला बाजू मांडायला जागाच ठेवली नव्हती.

"तुझ्या मशीनवर जावा कोणती?"

"सतरा! हे बघा." त्याने कमांड दिली. खरंच सतरा.

"हे झालं जावाचं म्हणणं. आता बिल्ड टूलला विचार, ते कोणती जावा वापरतं."

पुष्कर हसला. तरी त्याने विचारलं.

अकरा.

"बघितलंत? माझ्या मशीनला कुणीतरी हात लावलाय!"

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पुष्करच्याच होम फोल्डरमधली सेटिंगची एक फाइल उघडली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

दोनच ओळी होत्या. एक, बिल्ड टूलला अकराच वापरायला सांगणारी. तिच्या वर शेरा: 'तात्पुरतं. नंतर काढणे. पुष्कर.'

तारीख दोन वर्षांपूर्वीची. शलाका तेव्हा कॉलेजात होती.

पुष्करचे कान लाल झाले. शेजारच्या टेबलावरून मी हे सगळं बघत होतो. खरं सांगतो, मला त्याची कीव आली.

मेल अजून उघडाच होता.

"पण सर," शेवटी तो हळूच म्हणाला, "हे लिहिल्याचं मला आठवतच नाही. माझा पासवर्ड नक्की कुणाला तरी ठाऊक आहे."

सरांनी मान डोलावली.

"आजच बदल. आणि नवा पासवर्ड स्वतःला सांगू नकोस."