सीपीयू कोणता?

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी संगणकाचा वर्ग चालवीत असत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य शिकवायला होता. नुकताच शिकून आलेला, सगळ्या संज्ञा जिभेवर. सर्व्हर, राउटर, पॅकेट, काहीही विचारायचा अवकाश, व्याख्या हजर. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे गुरुजी कधी म्हणाले नाहीत, मी म्हणतो.

त्या वर्गात सगुणाबाई येत. पती वारल्यावर त्यांच्या जागी नोकरी मिळायची होती, पण अट होती संगणकाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची. एके दिवशी पडद्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "सर, माझा कॉम्प्युटर चालू होईना."

शिष्य हसला. "बाई, तो नुसता मॉनिटर. खरा कॉम्प्युटर हा, सीपीयू," म्हणत त्याने टेबलाखालच्या पेटीवर टिचकी मारली. "एवढंही कळत नाही, तर परीक्षा कशी देणार?"

सगळा वर्ग हसला. सगुणाबाईंनी पदर सावरला, चपला घातल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत.

त्याच संध्याकाळी वर्ग सुटल्यावर गुरुजींनी ती पेटी टेबलावर ठेवली, बाजूचे झाकण काढले आणि शिष्याला म्हणाले, "यातला सीपीयू काढून दे."

शिष्य गोंधळला. "गुरुजी, ही पेटी म्हणजेच तर सीपीयू."

गुरुजींनी आतला पंखा सोडवला, त्याखालची बिस्किटाहून लहान चौकोनी चिप काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "सीपीयू हा. ती नुसती पेटी."

शिष्याचा चेहरा उतरला. व्याख्या पाठ होती, वस्तू कधी पाहिलीच नव्हती. लाजेने त्याला मान वर करवेना. "आल्यापासून मी चुकीचं बोलतोय. तुम्ही वर्गातच का नाही सांगितलंत?"

"तू 'सीपीयू उचला' म्हणालास की काय उचलायचं ते मला कळत होतं. बाकीचं एकांतात सांगायचं होतं. उशीर केला, तो दोष माझा. आता सांग, पाठवलेलं पॅकेट, म्हणजे निरोपाचा एखादा तुकडा, वाटेत हरवलं तर पलीकडचा संगणक काय करतो?"

"पुन्हा मागवून घेतो."

"हसतो का?"

शिष्याने चिप हलकेच टेबलावर ठेवली.

"एकाच्या मनातलं दुसऱ्याला नेमकं कळावं, एवढ्यासाठीच संज्ञा असते," गुरुजी म्हणाले. "बाईंचा शब्द चुकला, पण निरोप तुला पोहोचला होता. तरी वाट तू बंद केलीस."

पुढच्या सकाळी शिष्य सगुणाबाईंच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "बाई, मी सीपीयू म्हणून दाखवला तो सीपीयू नव्हता. मलाच माहीत नव्हतं. सगळ्यांसमोर तुम्हाला हसलो, आता सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. तेव्हा तुम्ही तिथे असावं."

सगुणाबाई उंबऱ्यापाशी आल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "ते राहू द्या, सर. माझा कॉम्प्युटर चालू होत नव्हता, त्याचं काय झालं होतं?"

शिष्याची मान पुन्हा खाली गेली. हसण्याच्या भरात त्याने ते पाहिलेच नव्हते.

"चला," तो म्हणाला, "आधी तेच बघू."

सगुणाबाई चपला शोधू लागल्या.