'सायलेन्स'चं मूळ

लग्न होऊन हेमांगी चांदसरला आली, त्याला अडीच महिने झाले होते. गावच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा निघाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मिळाली तर जा. नाही मिळाली, तर दुपारी पापडाला बस."

मुलाखतीला ती तासभर आधीच गेली आणि टेबलावर पडलेली ठरावांची वही वाचत बसली.

अध्यक्ष काकासाहेब रणदिवे म्हणजे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. त्यांचा आवाज त्यांच्या आधी जिना चढला. बसता बसता त्यांनी भिंतीवरच्या 'सायलेन्स' या इंग्रजी पाटीकडे बोट केलं.

"सूनबाई, तुम्ही फार कमी बोलता म्हणे. मग या शब्दाचं मूळ सांगा. सांगितलंत तर जागा तुमची. हे चिटणीस गुरव साक्षीला आहेत."

ती तोंड उघडणार, तोच काकासाहेब स्वतःच लॅटिनमध्ये शिरले. अर्ध्या तासाने ते बाहेर आले, तोवर पेपर वाचणारे तिघेही म्हातारे उठून गेले होते.

"तुम्हाला हे कुठून ठाऊक असणार म्हणा," काकासाहेब म्हणाले.

"लॅटिनमधलं नाही ठाऊक, काका. इथलं ठाऊक आहे." हेमांगीने वही उघडून वाचलं, "ठराव सातवा. नवे अध्यक्ष रोज वाचनकक्षात मोठ्याने बोलतात, अशी वाचकांची तक्रार आहे. सबब 'सायलेन्स' अशी पाटी लावावी. पाटी इंग्रजीत असावी, म्हणजे अध्यक्षांचे लक्ष जाईल." तिने वही पुढे सरकवली. "खाली सही तुमचीच आहे."

काकासाहेब ठराव न वाचता सही करतात, हे गावाला ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं, पाटीकडे पाहिलं आणि मिटलं.

गुरवांनी नेमणुकीचा ठराव लिहून पुढे केला. काकासाहेबांनी सही केली. या वेळी मात्र दोनदा वाचून.