माझ्याकडे तर चालतंय

"मग चूक कुणाची, सांग ना. रक्ताची?"

केळुसकर सरांचा आवाज चढला होता. आमच्या रुग्णालयातले सगळे कॉम्प्युटर त्यांनीच बसवले. निवृत्त होताना हाताखालच्या सुयोगला तयार करून त्याच्यावर सगळं सोपवून गेले. आज त्यांना मीच फोन करून रक्तपेढीत बोलावलं. पिशव्यांच्या नोंदी मी ठेवतो. गप्प तरी किती बसायचं?

चार दिवस लेबल छापायचा प्रोग्राम उघडत नव्हता. सुयोगने सगळ्या मशीनवर नवे निर्बंध घातले, तेव्हापासून. आमच्या तंत्रज्ञ मुल्ला मॅडम पिशव्यांवर रक्तगट हाताने लिहीत होत्या. सकाळी एका पिशवीवर निगेटिव्हच्या जागी पॉझिटिव्ह लिहिलं गेलं. माझी नजर पडली म्हणून निभावलं, नाहीतर माणूस गेला असता.

"सर, प्रोग्राम ठणठणीत आहे," सुयोग म्हणाला. "मी तीनदा चालवून पाहिला. मॅडमच काहीतरी भलतं दाबतात."

मुल्ला मॅडमनी पेन टेबलावर आपटलं.

"चार दिवस हेच ऐकतेय मी. एकदा तरी इथे येऊन बघितलंस?"

सरांनी विचारलं, "कुठल्या लॉगिनने चालवलास?"

"माझ्याच. ॲडमिनच्या."



सरांनी मॅडमना त्यांच्या नावाने लॉगिन करायला सांगितलं, आणि सुयोगला त्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

तो बसला, तोंड वाकडं करूनच. क्लिक केलं. पडद्यावर एक चौकट आली. वर एक ओळ, खाली ॲडमिनच्या पासवर्डची जागा.

ओळ न वाचताच त्याची बोटं पासवर्डकडे वळली. सरांनी कीबोर्डवर पंजा ठेवला.

"सर, दोन सेकंदांचं काम आहे..."

"वाच."

"'लेबलांच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.'" त्याने ती ओळ मनात पुन्हा वाचली. "हे मला कधी दिसलंच नाही."

"दिसेल कसं? तुला इथे अडवतंय कोण?"

सुयोगचे कान लाल झाले. रागाने की लाजेने, देव जाणे. मला त्याची दया आली नाही, खरं सांगतो.

"बरं," तो तडकून म्हणाला, "मग पासवर्डशिवाय मी करायचं तरी काय?"

सरांनी पंजा उचलला नाही.

"त्यांना विचार. चार दिवस त्यांनी पासवर्डशिवायच रक्तपेढी चालवली."