स्वयंपाकघरातला आवाज

अख्ख्या कऱ्हाडात रेकॉर्ड केलेल्या गाण्यांचं मिक्सिंग, म्हणजे आवाज-वाद्यांचा मेळ, करून देणारे एकटे गिजरे सर. म्हणून कालिंदी मोहिते घरी रेकॉर्ड केलेली आपली सात गाणी घेऊन त्यांच्या स्टुडिओत गेली. बाहेरचा आवाज नको म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद करून, भिंतींना गोधड्या टांगून, घामाने निथळत गायली होती ती! सरांनी हेडफोनला हातही लावला नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटलेल्या आवाजाच्या रेषांवर नजर टाकून म्हणाले, "स्वयंपाकघरातला आवाज आहे हा. असला कचरा मी घेत नाही."

कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न ऐकताच कचरा?

चार दिवसांनी ती पुन्हा आली. बाकावर पाच-सहा गायक ताटकळत बसले होते. पेनड्राइव्ह देत ती म्हणाली, "सर, एवढं एकच बघा."

सरांनी नुसतं बघितलंच. "छे! तेच स्वयंपाकघर. बाई, गाणं राहू द्या, भांडी घासा."

"ऐकणार नाही?"

"तीस वर्षं झाली या धंद्यात. मला ऐकावं लागत नाही."

"मग या मंडळींना तरी ऐकू द्या," म्हणत कालिंदीने स्पीकर लावला.

खोलीत गिजरे सरांचाच भारदस्त आवाज घुमला. त्यांनी इथेच रेकॉर्ड करून गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेली स्टुडिओची जाहिरात होती ती: "आमच्याकडे प्रत्येक गाणं आधी कान देऊन ऐकलं जातं!"

बाकावर हशा पिकला.

कालिंदीने पेनड्राइव्ह उपसून घेतला. "स्वयंपाकघर तुमचंच निघालं, सर. आता भांडीही तुम्हीच घासा."